गोमर एक-वाक्य आणि नऊ वर्षांचा अबोला

गोमर बेननवर कुणीतरी लिहायला हवं होतं. ज्यांना धड लिहिता येत होतं ते सगळे एकतर मेले, नाहीतर कार्डिफला गेले. म्हणून मी लिहितेय. चुकलं तर सांगायला या, मी घरीच असते.

मी लोइस. गावात मला लोइस लोकर म्हणतात, कारण पुढच्या खोलीत माझं लोकरीचं दुकान आहे. आमच्या कुमडेरीत, म्हणजे कोळशाच्या खाणीच्या या गावात, आडनावांचा भारी तुटवडा. एकाच गल्लीत एकाच नावाची पाच माणसं, मग ओळखायला काहीतरी शेपूट लावावं लागतं. गोमरला लागलं ते 'एक-वाक्य'. ते कसं ते पुढे येईलच. मी वीस वर्षं आमच्या नाटक मंडळीची प्रॉम्प्टर होते, म्हणजे विंगेत स्टुलावर बसून, वही मांडीवर घेऊन, विसरणाऱ्याला शब्द द्यायचे. त्यामुळे गोमरला मी जितकं डाव्या बाजूनं पाहिलंय तितकं कुणी पाहिलं नसेल.

लहानपणी रविवारी चॅपेलमध्ये प्रत्येक पोरानं एक वचन पाठ म्हणायचं असायचं. आम्ही सगळे सर्वांत छोटं वचन शोधून मोकळे व्हायचो. गोमर सात वर्षांचा असताना उभा राहिला आणि त्यानं अख्खा अध्याय म्हटला. कुणी थांबवेना. वडीलमंडळी पुढच्या मोठ्या बाकावर डोळे मिटून बसलेली. त्या रविवारी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक भट्टीतलं मटण करपलं, आणि एकाही बाईनं तक्रार केली नाही. तेराव्या वर्षी बापाबरोबर तो खाणीत उतरला, पण आवाज वरच राहिला असं माझी आई म्हणायची.

त्या आवाजाचं काय सांगू? सभागृहाच्या गॅलरीत शेवटच्या बाकावर बसलेल्या बाईलाही वाटायचं, हा आपल्या एकटीशीच बोलतोय. मलाही वाटायचं. आता सत्तरी ओलांडल्यावर लपवून काय करू? पण माझं नाक मोठं आणि स्वभाव तिखट, आणि शाळेत माझ्या बाकावर माझ्या शेजारी नेस्टा बसायची. नेस्टा म्हणजे पाववाल्याची मुलगी. लाल केस, चणीनं एवढीशी, आणि राग सदा नाकावर. मंडळीत नायिकेचं काम तिलाच मिळायचं, कारण तिची वाक्यं पाठ असायची आणि दुसऱ्यांचीही. त्या दोघांचं जमलं ते स्टेजवरच. तेवीस साली त्यांनी लग्न केलं आणि आमच्या शेजारच्या घरात संसार मांडला. आमची घरं एकाला एक चिकटलेली, मधली भिंत म्हणाल तर एका विटेची. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडून आशीर्वाद द्यावा अशी.

संसार कसा होता? अहो, भिंतीला कान लावायची गरज नव्हती. भांडण व्हायचं, बशी फुटायची, मग थोड्या वेळानं हसणं ऐकू यायचं. सगळ्यात जास्त भांडणं पाठीवरून. तेव्हा खाणीवर आंघोळीची सोय नव्हती. माणूस काळाठिक्कर होऊन घरी यायचा आणि चुलीपुढं पत्र्याच्या टबात बसायचा. पाठ मात्र धुवायची नाही. पाठ धुतली की कणा कमकुवत होतो, असं आमची जुनी माणसं मानायची. गोमरचा बाप मानायचा, म्हणून गोमरही. नेस्टा ब्रश घेऊन मागं उभी.

"जरा वाक ना. माझ्या चादरी काळ्या होतात रे!"

"चादर धुता येते. कणा नवा मिळतो का दुकानात?"

"कणा होता कधी तुला?"

की फुटली बशी. पण तेरा वर्षांत त्यानं पाठीला हात लावू दिला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, ध्यानात ठेवा.

छत्तीस साली लंडनहून सिनेमावाले आले. त्यांना खाणकामगारांचे चेहरे हवे होते. आमच्या सभागृहात येऊन त्यांनी गोमरचा प्रयोग पाहिला आणि त्याला म्हणाले, चल. शेजारच्या खोऱ्यातल्या मंडळीतूनही त्यांनी एक बाई उचलली. मेरिएल. उंच, देखणी, स्पर्धेत आम्हाला दोनदा हरवलेली. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिला लंडन हवं होतं, आणि गोमरला कुणीतरी 'तू लंडनचा आहेस' असं म्हणायला हवं होतं. हे दोन गरजूंचं प्रकरण होतं.

गोमरनं खरा गुन्हा केला तो वेगळाच. मेरिएलबरोबर तो कायमचा चाललाय हे त्यानं खाणीत सोबत्यांना सांगितलं, न्हाव्याकडे सांगितलं, मास्तरांना सांगितलं. ट्रेफर मास्तर आमचे दिग्दर्शक, नाटकंही तेच लिहायचे. सगळ्यांना सांगितलं, फक्त नेस्टाला सांगायची हिंमत झाली नाही. तिला म्हणाला, सिनेमाच्या तालमीला लंडनला जाऊन येतो. आणि सकाळच्या गाडीनं गेला. दोन दिवसांनी नेस्टा दुकानात रांगेत उभी असताना पुढची बाई वळून म्हणाली, "मग आता एवढ्या घरात एकटी काय करशील गं?" नेस्टानं विचारलं, "एकटी का?" आणि अख्खी रांग गप्प झाली. मीही त्या रांगेत होते. मलाही ठाऊक होतं. ती पाव न घेताच घरी गेली, पाववाल्याची मुलगी.

पुढं रीतसर घटस्फोट झाला. वकिलाकडे नेस्टा स्वतः गेली, रविवारची हॅट घालून. चॅपेलमध्ये वडीलमंडळींनी गोमरचं नाव वाचून त्याला सभासदत्वातून काढून टाकलं. आमच्याकडे हे लग्नापेक्षा आणि मरणापेक्षा मोठं. त्याची आई त्यानंतर कधी पुढच्या बाकावर बसली नाही.

सिनेमा आमच्या सभागृहात आला तेव्हा जिन्यातसुद्धा माणसं उभी. सव्वा तास सगळे वाट बघतायत. शेवटी एक काळा चेहरा पडद्यावर आला, म्हणाला, "खाली अजून माणसं आहेत," आणि गेला. संपलं. एवढंच. पण काय म्हणाला! लोक उठून उभे राहिले. नेस्टा पहिल्या रांगेत बसली होती, पिशवीतून पेपरमिंट खात. बाहेर पडताना सगळे तिच्या तोंडाकडे बघताहेत हे पाहून ती म्हणाली, "त्याला सर्दी झालेली दिसतेय." त्या दिवसापासून तो गोमर एक-वाक्य.

लंडनमध्ये त्याचं बरं चाललं होतं असं ऐकत होतो. नाटकात कधी पोलीस, कधी बटलर, एकदा तर राजाचा भाऊ. मेरिएलशी लग्न केलं. तिथंही आदळआपट असायची म्हणे, पण लंडनच्या भिंती जाड. मग लढाई आली, थिएटरं बंद पडली, आणि मेरिएल एका थिएटरमालकाबरोबर उत्तरेकडे निघून गेली. एक्केचाळीसच्या हिवाळ्यात गोमर आमच्या दारात उभा. हातात एक सुटकेस, डोक्यावर चांगली हॅट.

"भाड्यानं मागची खोली देता का?" त्यानं आईला विचारलं.

"शेजारी कोण राहतं ठाऊक आहे ना बाळा?" आई म्हणाली.

"म्हणूनच विचारतोय."

आईनं त्याला आत घेतलं. आई कुणालाही आत घ्यायची. तो पुन्हा खाणीत जाऊ लागला. खाणीत उतरायच्या आदल्या दुपारी आमच्या चुलीपुढं टबात बसला तेव्हा आई पाण्याची किटली घेऊन आत गेली आणि तशीच बाहेर आली. मागच्या अंगणात जाऊन कुंपणावरून नेस्टाला म्हणाली, "पाठ पांढरीफेक आहे गं त्याची."

आईला वाटलं गंमत आहे. नेस्टाच्या हातात ओला कपडा होता, तो तिनं पिळला, पुन्हा पिळला, आणि आत गेली. नवरा पळाला तेव्हा ती रडली नव्हती, वकिलाकडे रडली नव्हती. त्या दिवशी भिंतीपलीकडे तिचं रडणं आम्ही ऐकलं. मेरिएलला त्यानं पाठ धुऊ दिली होती. गोमर टबात बसूनच होता, पाणी गार झालं तरी.

आणि मग अबोला सुरू झाला. एकदाच मी तिला समजवायला गेले तर म्हणाली, "त्यानं मला सोडून साऱ्या गावाला सांगितलं ना? आता मी साऱ्या गावाशी बोलेन, त्याला सोडून." रांगेत मी पण होते.

पुढल्या वर्षी मंडळी पुन्हा सुरू झाली. तरुण पोरं लढाईवर, उरलेल्यांत वाक्यं पाठ होणारी दोनच माणसं. मास्तरांनी डोकं धरलं आणि दोघांना नवरा-बायकोचं काम दिलं. नेस्टा म्हणाली, "काम आहे, करते." तेव्हापासून आठ वर्षं ती दोघं दर हिवाळ्यात स्टेजवर नवरा-बायको. रुसली, भांडली, गळ्यात पडली, एकमेकांच्या मांडीवर मेली. पडदा पडला की नेस्टा हात झटकून बाजूला. तालमीत काही सांगायचं तर माझ्यामार्फत. तो तिच्यापासून हातभर अंतरावर उभा.

"लोइस, त्याला सांग, दुसऱ्या अंकात माझ्या झग्यावर पाय देऊ नकोस."

"ऐकलं गं त्यानं," मी म्हणायचे.

"तू सांग."

"गोमर, झग्यावर पाय देऊ नकोस."

"तिला सांग, झगा फार लांब आहे."

"त्याला सांग, पाय फार लांब आहेत."

मास्तर म्हणायचे, "बायांनो, लोकांना घरी जायचंय!" सगळे हसायचे. गोमरसुद्धा. पण मी जवळून बघायचे. ती बोलत असताना, भले माझ्याशी का होईना, तो तिच्याकडे असा बघायचा की मला वही खाली घालावीशी वाटायची. घरी तो मागच्या खोलीत मोठमोठ्यानं पाठांतर करायचा. मधूनच नेस्टा लोखंडी सळईनं चुलीच्या मागच्या भिंतीवर ठोकायची. आमच्याकडे शेजारणीला हाक मारायची ती रीत. पण ही ठोकायची ते एकच, गप्प बस म्हणून. गोमर खूश व्हायचा. "बघ," म्हणायचा, "दखल घेतली." असं वेडं माणूस.

एकोणपन्नास साली त्याला धाप लागायला लागली. आमची टेकडी चढून घरी येताना तो दर दिव्याच्या खांबाशी थांबायचा, आणि देखावा बघतोय असं दाखवायचा. पन्नास वर्षं बघितलेला देखावा! डॉक्टरांच्या मंडळानं छातीचा फोटो काढला, फुफ्फुसं कोळशानं भरलेली पाहिली आणि त्याला साठ टक्के धूळ दिली. आमच्याकडे असंच म्हणतात. अमक्याला तीस टक्के, तमक्याला पन्नास, जणू परीक्षेचा निकाल. साठ टक्क्यांचा माणूस फार दिवस काढत नाही हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. खाण सुटली. गावात सांगितलं, गुडघा दुखतो.

"नेस्टाला सांगते," मी म्हणाले.

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. ओरडून खोकत बसला. मग म्हणाला, "लोइस, मला एवढंच हवंय. जायच्या आधी तिनं एकदा माझ्याशी बोलावं. माझ्या तोंडाकडे बघून, माझं नाव घेऊन. पण धुळीची दया येऊन नको. दयेनं बोलली तर मला ते चालायचं नाही."

"आणि तशी बोललीच नाही तर?"

"तर मग नाही," तो म्हणाला. "चूक माझीच आहे ना."

आईनं आणि मी तोंड बंद ठेवलं. मला ते फार जड गेलं, कारण तोंड बंद ठेवणं हा माझा गुण नाही.

पन्नासच्या वसंतात आमच्या सभागृहात नाटकांचा सप्ताह लागला. सात खोऱ्यांतल्या सात मंडळ्या, आणि परीक्षक ॲबरिस्टविथहून आलेले, जाड भिंगांचे. ते प्रेक्षकांच्या मधोमध टेबल टाकून बसतात, छोट्या दिव्याखाली लिहीत. प्रयोग संपला की स्टेजवर चढून सगळ्यांदेखत माप काढतात. लोक नाटकाइतकेच त्यासाठी येतात. आमचं नाटक मास्तरांनी नवं लिहिलं होतं. बारा वर्षांनी घरी परतलेला खलाशी बायकोच्या दारात उभा राहतो आणि क्षमा मागतो. दीड पानाचं भाषण. ती सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "पाय पूस आणि आत ये." पडदा. मास्तर म्हातारे झाले होते, पण बुद्धू नव्हते. वही वाचून नेस्टा मला म्हणाली, "त्यांना सांग, मला समजतं." तरी काम घेतलं.

आमची पाळी गुरुवारी. पहिले दोन अंक उत्तम गेले. बसायचे प्रवेश होते, गोमर बसून बोलत होता, आणि मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर श्वास घेत होते. तिसऱ्या अंकात तो दारात आला. नेस्टा चौकटीत उभी. भाषणाचा पहिला परिच्छेद असा गेला की हॉलमध्ये कुणी हललं नाही. दुसऱ्याच्या मधोमध तो थांबला.

आता प्रॉम्प्टरचा नियम सांगते. नट थांबला की मनात तीन मोजायचे आणि शब्द द्यायचा. वीस वर्षांत माझ्या हाडात भिनलेला नियम. मला ठाऊक होतं की त्याला शब्द नको, हवा हवीय. गोमर जन्मात ओळ विसरलेला नाही. हे सगळं ठाऊक असून मी तीन मोजले आणि शब्द दिला. तो बोलला नाही. मी पुन्हा दिला, मोठ्यानं. त्याच्या ओठांना निळी झाक आली होती आणि मी बावळट बाई तिसऱ्यांदा शब्द दिला, एवढ्या मोठ्यानं की पाचव्या रांगेपर्यंत गेला. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. गोमर एक-वाक्य ओळ विसरला! त्यानं माझ्याकडे बघितलं. तसं तो माझ्याकडे कधी बघू नये असं मला आयुष्यभर वाटत आलंय.

मग त्याची छाती वाजली. त्या हॉलमध्ये चारशे माणसं, निम्मी खाणीतली. तो आवाज कसला ते त्यांना सांगावं लागत नाही. हसणं जागच्या जागी बंद झालं. एरवी आमच्या हॉलमध्ये सतत कुणी ना कुणी खोकत असतं, हिवाळा असो वा उन्हाळा. त्या क्षणी प्रत्येकानं आपापला खोकला धरून ठेवला. मी बघत होते, पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे लाल झाले होते.

आणि नेस्टा बोलायला लागली. तिचं वाक्य नव्हतं ते, त्याचं होतं. जिथं तो थांबला होता तिथून तिनं उचललं. "तू म्हणणार आहेस," ती म्हणाली, "की प्रत्येक बंदरात तुला माझा आवाज ऐकू यायचा." हे वहीत होतं, फक्त 'तू' आणि 'मी' उलटे. "तू म्हणणार आहेस, की घाबरलास म्हणून न सांगता गेलास." असं करत तिनं त्याचं अख्खं भाषण म्हटलं, दीड पान, सावकाश, त्याच्या तोंडाकडे बघत. तो चौकटीला धरून उभा होता आणि दर वाक्याला मान हलवत होता. मी वहीवर बोट ठेवून ओळ ओळ जात होते. मग बोटाखालची ओळ संपली आणि ती थांबलीच नाही.

"आणि तू म्हणणार आहेस की गुडघा दुखतो," नेस्टा म्हणाली. "भिंत आहे ती, डोंगर नाही. वर्षभर मी तुझी छाती ऐकतेय. मेल्या, मला राग आलाय म्हणून मी बहिरी झाले का?"

हे वहीत नव्हतं. मी वही मिटली.

"गोमर," ती म्हणाली. नाटकात त्याचं नाव दुसरं होतं. "गोमर, आत ये. गारठा आहे."

पाय पुसायचं राहून गेलं. मास्तरांनी स्वतःच्या हातानं पडदा ओढला.

परीक्षक चढले. चष्मा पुसत म्हणाले, तिसऱ्या अंकातला तो प्रदीर्घ विराम ही लेखकाची कमाल आहे, नायिकेनं नायकाचं मन बोलून दाखवणं ही तर फारच आधुनिक कल्पना. मात्र प्रॉम्प्टर अक्षम्य मोठ्यानं बोलतात, त्यामुळे चार गुण वजा. लोक टाळ्या वाजवत होते आणि डोळे पुसत होते, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्यासाठीच. आमचा दुसरा नंबर आला. चार गुणांनी गेला पहिला. मला गावात अजून कुणी ते ऐकवलेलं नाही, याबद्दल मी गावाची आभारी आहे.

विंगेत गोमर खुर्चीवर बसला होता. नेस्टानं आपली शाल त्याच्या गळ्याभोवती आवळली, जरा जास्तच.

"दया आली का?" त्यानं कसंबसं विचारलं.

"दया? तुझी? गाढवा, नऊ वर्षं मी कसली वाट बघत होते असं वाटतं तुला? तू एकदा तरी भिंतीवर उलट ठोकशील म्हणून!"

त्यानं आ वासला. त्याला ते सुचलंच नव्हतं. तो आपला ऐकून खूश होत बसला होता.

जूनमध्ये दोघांनी पुन्हा लग्न केलं, नोंदणी कचेरीत, कारण चॅपेल दार उघडेना. मी आणि मास्तर साक्षीदार. गावानं लगेच तिचं नाव 'नेस्टा दोनदा' ठेवलं आणि तिनंही ते मिरवलं. गोमरची सुटकेस आमच्या दारातून तिच्या दारात गेली, बारा पावलं. त्यातली चार चालून तो थांबला होता.

एकोणीस महिने मिळाले त्यांना. पलंग खाली पुढच्या खोलीत आणला, कारण जिना चढवेना. त्याचा आवाज गेलाच जवळजवळ. दोन शब्द, मग श्वास, मग एक शब्द. आणि भिंतीपलीकडून दिवसभर नेस्टाचं बोलणं ऐकू यायचं. पावाचं, हवेचं, कुणाच्या पोरीचं कुणाशी जमलं त्याचं. मी नाटकाच्या जुन्या वह्या नेऊन दिल्या, तर ती त्याला दोघांचीही वाक्यं वाचून दाखवायची. मध्येच हसू ऐकू यायचं. बशी एकदाही फुटली नाही. मला त्याची चुटपुट लागून राहायची.

बावन्नच्या जानेवारीत एका दुपारी नेस्टानं सळईनं भिंत ठोकली, आणि या वेळी ती थांबेना. मी पिठाच्या हातांनीच धावत गेले.

आमच्याकडे प्रेताबरोबर फक्त पुरुष जातात. बाया घरी थांबतात आणि माणसं परतली की त्यांच्या चहाची तयारी करतात. गोमरच्या मागं खाणीतली तीनशे माणसं होती, चॅपेलची वडीलमंडळीही, टोप्या हातात घेऊन. शेजारणी वरच्या खोल्यांच्या खिडक्यांतून बघत होत्या. स्वयंपाकघरात मी आणि नेस्टा दोघीच, हॅम आणि पाव कापत. ती पाव पातळ कापते, बापाच्या हाताखाली शिकलेली. टेकडीवरच्या दफनभूमीतून त्यांचं गाणं येत होतं, चार पट्ट्यांचे सूर एकत्र मिळवून, फार सुंदर.

"सगळे मला विचारतात, शेवटी काय म्हणाला," नेस्टा म्हणाली. "नट होता ना. त्यांना काहीतरी छान हवं असतं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. पाणी मागितलं."

तिनं आणखी दोन तुकडे कापले.

"लोइस, नऊ वर्षं तो त्या भिंतीपलीकडे होता. आवाज जागेवर होता त्याचा. मी नुसतं गोमर म्हटलं असतं ना, तर दिवसभर बोलला असता माझ्याशी. मला वाटायचं, मी त्याला शिक्षा करतेय. मी बोलायला लागले तेव्हा त्याच्याकडे श्वास नव्हता. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं गं. माझंच त्याचं ऐकायचं राहून गेलं."

मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, तिला खुर्चीवर बसवलं, आणि उरलेला पाव मला जमेल तसा जाडाभरडा कापला. माणसं टेकडी उतरायला लागली होती.